कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातून भूविज्ञानाच्या पदवीला ट्रान्सफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कॅलिफोर्नियात दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात शिकून पुढे यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) यांच्या एखाद्या कॅम्पसवर भूविज्ञानाची पदवी घेऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. तारखा आणि अटी दरवर्षी थोड्याफार बदलतात, म्हणून अर्जाच्या वर्षी त्या मूळ ठिकाणी पुन्हा तपासून घ्या.

भूविज्ञानाला जायचं आहे, तर पहिल्या सत्रात भूविज्ञानाचे जास्तीत जास्त कोर्स घ्यावेत ना?

नाही. सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. ट्रान्सफरआधी भूविज्ञानाचे साधारण दोनच कोर्स लागतात: फिजिकल जिऑलॉजी (पृथ्वी कशाची बनली आणि कशी बदलते) आणि हिस्टॉरिकल जिऑलॉजी (पृथ्वीचा इतिहास), दोन्ही लॅबसह. काही कॅम्पसना तर त्यातला एकच पुरतो. उरलेली सगळी पूर्वतयारी गणित, रसायन आणि भौतिकीची असते, आणि हे विषय साखळीने चालतात. कॅल्क्युलस 1 झाल्याशिवाय कॅल्क्युलस 2 नाही. जनरल केमिस्ट्रीच्या पहिल्या भागाशिवाय दुसरा नाही. कॅल्क्युलसवर आधारलेल्या भौतिकीसाठी आधी कॅल्क्युलस 1 हवं.

साखळीतला एक कोर्स चुकला की त्याचा फटका कॅम्पसवर गेल्यावर बसतो. तिसऱ्या वर्षी तिथे खनिजशास्त्र येतं, त्याला जनरल केमिस्ट्री लागते. खनिजशास्त्रानंतर अश्मविज्ञान (खडकांचा अभ्यास), मग संरचनात्मक भूविज्ञान (थरांच्या घड्या आणि भेगांचा अभ्यास), आणि शेवटी उन्हाळी फील्ड कॅम्प, म्हणजे बाहेर जाऊन नकाशे काढण्याचं शिबिर. छोट्या विभागात हे कोर्स वर्षातून एकदाच लागतात. सप्टेंबरमध्ये खनिजशास्त्राला बसता आलं नाही, तर पुढच्या सप्टेंबरपर्यंत थांबावं लागतं आणि दोन वर्षांची पदवी तीन वर्षांवर जाते. म्हणून पहिल्या दिवसापासून रसायन आणि गणित चालू ठेवा. भूविज्ञान त्यांच्या जोडीने येईल.

तरी फिजिकल जिऑलॉजी पहिल्या वर्षातच करावी असं आमचं ठाम मत आहे. हा विषय आपल्याला आवडतो का, हे तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा तेव्हाच कळलेलं बरं.

दोन वर्षांचा आराखडा साधारण कसा दिसतो?

सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात, कॅल्क्युलसची तयारी असलेल्या विद्यार्थ्यासाठी असा:

पहिलं सत्र: कॅल्क्युलस 1, जनरल केमिस्ट्रीचा पहिला भाग, इंग्रजी रचनेचा पहिला कोर्स.
दुसरं सत्र: कॅल्क्युलस 2, जनरल केमिस्ट्रीचा दुसरा भाग, फिजिकल जिऑलॉजी.
उन्हाळा: सामान्य शिक्षणाचे (सर्वांना लागणाऱ्या इतर विषयांचे) एक-दोन कोर्स. लॅबचे कोर्स उन्हाळ्यात टाळा, सहा आठवड्यांत जनरल केमिस्ट्री नीट पचत नाही.
तिसरं सत्र: भौतिकीचा यंत्रशास्त्राचा कोर्स, हिस्टॉरिकल जिऑलॉजी, इंग्रजीचा दुसरा कोर्स.
चौथं सत्र: भौतिकीचा विद्युत-चुंबकत्वाचा कोर्स, कॅम्पस मागत असेल तर कॅल्क्युलस 3, आणि उरलेलं सामान्य शिक्षण.

लॅबचे दोन आणि कॅल्क्युलस असे तीन कोर्स एकाच सत्रात आले की आठवडा भरून जातो. दुसऱ्या सत्रात हे टाळता येत नाही, म्हणून त्या सत्रात नोकरीचे तास कमी ठेवा. जिऑलॉजीची शनिवार-रविवारची फील्ड ट्रिपही बहुधा त्याच सत्रात असते आणि तिला गुण असतात.

माझं गणित कच्चं आहे आणि रसायन शाळेनंतर केलेलं नाही. मग?

मग तीन वर्षे धरा, त्यात काही बिघडत नाही. कॅम्पस ट्रान्सफर विद्यार्थ्याला वर्षे विचारत नाही, तयारी आणि ग्रेड बघतो. 2022 च्या एबी 1705 कायद्यानंतर कॉलेजं विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शक्यतो थेट कॅल्क्युलसमध्ये घालतात आणि जोडीला मदतीचा वर्ग देतात. तो मदतीचा वर्ग टाळू नका. रसायनात मात्र पाया नसताना थेट जनरल केमिस्ट्री घेतली की मोल आणि समीकरणं जुळवण्यातच पहिला महिना जातो. अशा वेळी आधी एक सत्र इंट्रोडक्टरी केमिस्ट्रीला द्या.

कोणता कोर्स कुठे चालतो हे कुठे कळतं?

असिस्ट डॉट ऑर्गवर. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांचे यूसी आणि सीएसयूशी झालेले अधिकृत करार तिथे असतात. तुमचं कॉलेज, हवा असलेला कॅम्पस आणि वर्ष निवडा आणि 'मेजर'नुसार, म्हणजे मुख्य विषयानुसार, करार उघडा. एका बाजूला कॅम्पसची मागणी दिसते, दुसऱ्या बाजूला ती भागवणारा तुमच्या कॉलेजातला कोर्स.

वाचताना तीन ठिकाणी गफलत होते. पहिली 'आणि' व 'किंवा' यांची. कॅम्पसच्या एका कोर्ससाठी तुमच्या कॉलेजचे दोन कोर्स 'आणि'ने जोडलेले असतील, तर एकच करून भागत नाही. दुसरी, 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं लिहिलेलं दिसलं की तो विषय माफ झाला असं समजलं जातं. त्याचा अर्थ इतकाच की तुमच्या कॉलेजात त्याला पर्याय नाही. तो शेजारच्या कॉलेजात करता येतो का ते बघा, नाहीतर ट्रान्सफरनंतर करावा लागेल हे धरून चाला. तिसरी गफलत म्हणजे सामान्य शिक्षणाची यादी आणि मेजरची यादी एकच मानणं. फिजिकल जिऑलॉजीचा लॅब नसलेला कोर्स सामान्य शिक्षणात चालून जाईल, पण मेजरला बहुधा चालणार नाही.

करार मिळाला की त्याची पीडीएफ तारखेसह जतन करा. आणि एका कॅम्पसवर विसंबू नका. तीन-चार कॅम्पसचे करार शेजारी मांडून, सगळ्यांना लागणारे कोर्स आधी उरका.

आमच्या कॉलेजात हिस्टॉरिकल जिऑलॉजी लागतच नाही, किंवा लागते आणि रद्द होते.

हे नेहमी होतं. हा कोर्स बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदाच लागतो, आणि नावनोंदणी कमी असली की सत्र सुरू होता होता रद्द होतो. विभागात जाऊन प्राध्यापकांना सरळ विचारा: पुढच्या दोन वर्षांत हा कोर्स कधी ठरलेला आहे? कौन्सेलरपेक्षा (कोर्स निवडायला मदत करणाऱ्या सल्लागारापेक्षा) त्यांना ते जास्त नेमकं माहीत असतं. कॅलिफोर्नियात एकाच वेळी दोन कम्युनिटी कॉलेजांत नाव घालता येतं. शेजारच्या कॉलेजातला कोर्स तुमच्या निवडलेल्या कॅम्पसला चालतो का, ते त्या दुसऱ्या कॉलेजच्या करारात बघा. अर्ज करताना दोन्ही कॉलेजांची नोंद द्यावी लागते. एक लपवली तर प्रवेश रद्द होऊ शकतो.

ऑनलाइन लॅब घेण्याआधी कॅम्पसच्या विभागाला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. दगड हातात घेतल्याशिवाय खनिजं ओळखायला शिकता येत नाही, त्यामुळे चालत असली तरी प्रत्यक्ष लॅबच घ्या असं आम्ही सुचवू.

डी अँझा कॉलेजला क्वार्टर (वर्षात तीन सत्रं) आहेत, शेजारच्या कॉलेजला सेमिस्टर (वर्षात दोन). दोन्हीकडचे कोर्स मिसळले तर?

सुटे कोर्स मिसळा, साखळी मिसळू नका. डी अँझा आणि फूटहिलमध्ये वर्षभराची जनरल केमिस्ट्री तीन क्वार्टरमध्ये वाटलेली असते, ओलोनी किंवा डायब्लो व्हॅलीसारख्या ठिकाणी दोन सेमिस्टरमध्ये. क्वार्टरचा पहिला भाग करून सेमिस्टरच्या दुसऱ्या भागात गेलात, तर मधले काही धडे कुठेच होत नाहीत, आणि करारात ती साखळी पूर्ण धरली जात नाही. केमिस्ट्री, कॅल्क्युलस आणि भौतिकी, प्रत्येक साखळी ज्या कॉलेजात सुरू केली तिथेच संपवा. कोर्सचं वजन युनिटांत मोजतात: 1 सेमिस्टर युनिट म्हणजे दीड क्वार्टर युनिट. ट्रान्सफरला 60 सेमिस्टर किंवा 90 क्वार्टर युनिट लागतात.

भूविज्ञानाची 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' घ्यावी का?

सीएसयूला जायचं असेल तर जरूर. कम्युनिटी कॉलेजच्या या दोन वर्षांच्या पदवीच्या भूविज्ञानाच्या आराखड्यात फिजिकल आणि हिस्टॉरिकल जिऑलॉजी, वर्षभराची जनरल केमिस्ट्री आणि वर्षभराचं कॅल्क्युलस असतं. ती पूर्ण केली की सीएसयूत जागेची हमी मिळते आणि पुढे 60 युनिटांत पदवी पूर्ण होईल अशी व्यवस्था असते. हमी सीएसयू व्यवस्थेतल्या जागेची आहे, अमुक एका कॅम्पसची नाही. भौतिकी त्या गाभ्यात नसली तरी पदवीला लागतेच, म्हणून ती कम्युनिटी कॉलेजातच संपवून जा.

फक्त यूसीला जायचं असेल तर ही पदवी अनिवार्य नाही. तिथे मेजरची पूर्वतयारी जास्त मोलाची.

कॅल-जीईटीसी पूर्ण करायलाच हवं का?

2025 च्या फॉल (शरद ऋतूतल्या) सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी यूसी आणि सीएसयूचा हा एकच सामान्य शिक्षणाचा आराखडा आहे, 34 सेमिस्टर युनिटांचा. असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफरसाठी तो लागतो. यूसीच्या विज्ञान शाखेकडे जाताना कला आणि समाजशास्त्राच्या कोर्सपायी भौतिकी मागे पडत असेल, तर भौतिकी आधी घ्या. मात्र यूसीची किमान सात कोर्सांची अट सुटत नाही: इंग्रजी रचनेचे दोन, गणिताचा एक, आणि कला, समाजशास्त्र, विज्ञान यांपैकी किमान दोन गटांतले मिळून चार.

टॅग म्हणजे काय?

ट्रान्सफर प्रवेशाची हमी. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस ती देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅगचा अर्ज एकाच कॅम्पसला करता येतो, तो सप्टेंबरमध्ये, ज्या वर्षी ट्रान्सफर व्हायचं त्याच्या आदल्या वर्षी. त्या वेळी 30 सेमिस्टर युनिट झालेली हवीत. लागणारा ग्रेड पॉइंट कॅम्पसनुसार आणि मेजरनुसार बदलतो.

टॅग मिळाला तरी मुख्य अर्ज वेगळा भरावाच लागतो. तो न भरल्याने हमी वाया गेलेली मुलं दरवर्षी असतात. आणि टॅग एका कॅम्पसचा असला तरी मुख्य अर्जात इतर कॅम्पस, बर्कलीसुद्धा, निवडता येतात.

मुख्य अर्ज कधी, आणि त्यानंतर काय?

यूसीचा अर्ज 1 ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर, सीएसयूचा फॉल सत्रासाठी साधारण त्याच सुमाराला. यूसीला चार छोटे निबंध असतात, प्रत्येकी 350 शब्दांपर्यंत. त्यातला एक तुमच्या मेजरच्या तयारीवर, सर्वांना सक्तीचा. तिथे 'लहानपणापासून दगड आवडायचे' इथे थांबू नका. कोणता नकाशा काढला, कोणत्या लॅबमध्ये काय उलगडलं, कोणत्या समीकरणाशी झगडलात, ते लिहा.

जानेवारीत ट्रान्सफर अकॅडेमिक अपडेट भरायचं असतं: फॉलच्या ग्रेड आणि स्प्रिंगचे (वसंतातल्या सत्राचे) कोर्स. अर्जात लिहिलेला कोर्स सोडला किंवा बदलला तर तिथे कळवा. इंग्रजीचे दोन्ही कोर्स आणि गणिताचा कोर्स शेवटच्या स्प्रिंग सत्राच्या अखेरीपर्यंत झालेच पाहिजेत. ते उन्हाळ्यावर ढकलले तर मिळालेला प्रवेश जाऊ शकतो. होकार 1 जूनपर्यंत द्यायचा आणि अंतिम ट्रान्स्क्रिप्ट 1 जुलैपर्यंत पोहोचवायच्या, प्रत्येक कॉलेजची.

ग्रेड किती लागतात? एखादा 'सी' आला तर?

यूसीची किमान ग्रेड पॉइंटची अट (4 पैकी) कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना 2.4 आणि बाहेरच्यांना 2.8 आहे, पण ती फक्त दार उघडते. मेजरच्या कोर्समध्ये 'सी' किंवा वर हवा. 'सी' आलेला कोर्स पुन्हा करून ग्रेड सुधारता येत नाही, ती सोय 'डी' आणि 'एफ'साठी आहे. कॅल्क्युलस 2 मध्ये मिडटर्म बुडाली असेल तर 'डब्ल्यू' घेऊन, म्हणजे कोर्स मध्येच सोडून, पुन्हा करणं कधी कधी शहाणपणाचं ठरतं, मात्र त्याने साखळीतला पुढचा कोर्स किती लांबतो ते आधी मोजा. मेजरचे कोर्स पास-नो पासवर (ग्रेडऐवजी फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण) घेऊ नका.

'जिऑलॉजी', 'अर्थ सायन्स', 'अर्थ सिस्टिम सायन्स': कोणती पदवी घ्यावी?

नावापेक्षा वरच्या दोन वर्षांचे कोर्स बघा. लॉस एंजेलिस, डेव्हिस आणि रिव्हरसाइडला जिऑलॉजी नावाची पदवी आहे, सँटा क्रूझला अर्थ सायन्सेस, सँटा बार्बराला अर्थ सायन्स, अर्वाइनला अर्थ सिस्टिम सायन्स. अर्वाइनचा भर हवामान, महासागर आणि रासायनिक चक्रांवर आहे. दगड आणि नकाशांचं काम हवं असेल, तर खनिजशास्त्र, अश्मविज्ञान, संरचना, स्तरविज्ञान (गाळाच्या थरांचा अभ्यास) आणि फील्ड कॅम्प हे पाचही ज्या पदवीत सक्तीचे आहेत ती निवडा.

पुढे कॅलिफोर्नियात 'प्रोफेशनल जिऑलॉजिस्ट'चं लायसन्स काढायचं असेल तर हे आणखी महत्त्वाचं. त्यासाठी भूविज्ञानाचं शिक्षण, 5 वर्षांचा व्यावसायिक अनुभव आणि परीक्षा लागतात. शिक्षणाचा काही काळ अनुभवात धरला जातो. दोन राष्ट्रीय परीक्षा आहेत आणि एक कॅलिफोर्नियाची.

विभाग टिकून आहे का हेही बघा. सोनोमा स्टेटने जानेवारी 2025 मध्ये जे विभाग बंद करण्याचं जाहीर केलं त्यात भूविज्ञान होतं. अर्जाआधी विभागाला विचारा: पुढच्या वर्षी खनिजशास्त्र आणि फील्ड कॅम्प लागणार आहे का, आणि शिकवणार कोण?

मी एच-4 वर आहे. फी आणि दर्जाचं काय?

एच-1बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-4 (त्या नोकरदाराच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) वर असलेल्यांना कॅलिफोर्नियाचं रहिवासी म्हणून फी भरण्याचा दर्जा मिळवता येतो: एक वर्ष आणि एक दिवसाचं वास्तव्य, आणि इथेच राहण्याच्या इराद्याचे पुरावे. मग कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला 46 डॉलर, म्हणजे 60 युनिटांचे 2,760 डॉलर, पुस्तकं आणि इतर शुल्क वेगळं. अमेरिकेच्या केंद्र सरकारची आर्थिक मदत एच-4 ला मिळत नाही.

खरी अडचण 21 व्या वाढदिवसाची आहे. त्या दिवशी एच-4 संपतो. अनेकांचा हा वाढदिवस ट्रान्सफरनंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात येतो, म्हणजे नेमका खनिजशास्त्र आणि फील्ड कॅम्पच्या मध्ये. एफ-1 वर (विद्यार्थी व्हिसावर) बदलण्याचा अर्ज मंजूर व्हायला महिने लागू शकतात, आणि एफ-1 वर नव्याने रहिवासी दर्जा मिळवता येत नाही. म्हणून वाढदिवसाच्या किमान एक वर्ष आधी इमिग्रेशन वकिलाशी आणि कॅम्पसच्या रेसिडेन्सी ऑफिसशी बोला. तीन वर्षांचा आराखडा घ्यायचा की दोन वर्षांचा, हे ठरवताना ही तारीख कागदावर आधी लिहा.

महाराष्ट्रातून बारावी करून एफ-1 वर थेट कम्युनिटी कॉलेजात येता येतं का?

येतं. बऱ्याच कॉलेजांना आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद) देता येतो. दर सत्रात किमान 12 युनिट घ्यावी लागतात, आणि ऑनलाइनपैकी एकच कोर्स त्या 12 मध्ये धरला जातो. तिसऱ्या सत्रात कोर्स सोडायची वेळ आली तर आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, कारण 12 च्या खाली गेलं की दर्जा धोक्यात येतो. फी बाहेरच्यांची, म्हणजे रहिवाशांच्या कैक पट.

भारतात बीएस्सीचं एखादं वर्ष झालं असेल तर ते अर्जात लिहावंच लागतं. त्यातलं काय धरायचं ते कॉलेज आणि कॅम्पस ठरवतात. इंग्रजी रचनेचे दोन्ही कोर्स मात्र इथेच करा.

आईबाबा विचारतात, याला नोकरी कुठे आहे?

प्रश्न रास्त आहे. कॅलिफोर्नियात मोठा भाग खासगी सल्लागार कंपन्यांत आहे: दूषित जमिनीची तपासणी, भूजल, दरडी, इमारतींखालची माती. त्यामागे कायदे आहेत. 1971 च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर 1972 मध्ये आलेला अल्क्विस्ट-प्रिओलो कायदा सक्रिय भ्रंशावर (जमीन सरकते त्या भेगेवर) घरं बांधू देत नाही, म्हणून बांधकामाआधी भूवैज्ञानिकाकडून चर खोदून तपासणी होते. 2014 च्या भूजल कायद्याने खोऱ्याखोऱ्यांत पाण्याचे आराखडे सक्तीचे केले. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या यूएसजीएससारख्या (भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेसारख्या) ठिकाणी कायम नोकरीला मात्र बहुधा नागरिकत्व लागतं. एफ-1 वाल्यांसाठी: भूविज्ञान स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत आहे, त्यामुळे पदवीनंतरच्या 12 महिन्यांच्या ओपीटीला (काम करण्याच्या परवानगीला) 24 महिन्यांची वाढ मागता येते. कम्युनिटी कॉलेजात जीआयएसचा (संगणकावर नकाशे करण्याचा) एक कोर्स करून ठेवला तर पहिली नोकरी मिळवताना तो उपयोगी पडतो.

फिजिकल जिऑलॉजीच्या लॅबमधून नक्की काय शिकून निघायचं?

तीन गोष्टी पक्क्या हव्यात, कारण कॅम्पसवर त्या पुन्हा शिकवल्या जात नाहीत.

खनिज ओळखणं. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्फटिकाची बाजू आणि पाटन (ठरावीक सपाट पातळीवर फुटणं) यांची गल्लत. क्वार्ट्झला सुरेख सपाट बाजू असतात, पण त्याला पाटन नाही, तो काचेसारखा फुटतो. कॅल्साइटला तीन दिशांचं पाटन असतं, काटकोनात नसलेलं. नमुना प्रकाशात फिरवा. एकाच कोनात तुटलेल्या अनेक पायऱ्या एकदम चमकल्या तर ते पाटन. आणि रंगावर विसंबू नका. हेमटाइट काळा असो की चंदेरी, बिनझिलईच्या चिनी मातीच्या पाटीवर ओढला की रेघ लालसर तपकिरीच उठते.

छेद काढणं. नकाशावरून भूवैज्ञानिक छेद (जमीन उभी कापल्यासारखं थरांचं चित्र) काढताना उभी आणि आडवी मोजपट्टी सारखी ठेवा. उभी ताणली तर थरांचा उतार खोटा दिसतो, आणि जाडी चुकते.

स्ट्राइक आणि डिप. म्हणजे थराची दिशा आणि उतार. ते मोजायच्या ब्रंटन कंपासवर आधी चुंबकीय दिक्पात (खरी उत्तर आणि कंपासची उत्तर यांतला कोन) लावून घ्यायचा. कॅलिफोर्नियात तो सुमारे 12-13 अंश पूर्व आहे. महाराष्ट्रात तो जवळजवळ शून्य, म्हणून तिकडे कंपास शिकलेल्यांच्या हातून इथे तो लावायचा राहून जातो. उलट्या दिशेने लावला तर चूक दुप्पट, 25 अंशांच्या आसपास, आणि सगळा नकाशा फिरतो. सकाळी पहिलं मोजमाप घेण्याआधी, दिशा माहीत असलेल्या सरळ रस्त्यावर किंवा कुंपणावर कंपास धरून बघा.

स्वतःचं साहित्य म्हणून सुरुवातीला दहापट मोठं दाखवणारं भिंग, पाण्यात न भिजणारी वही आणि घोट्यापर्यंतचे बूट एवढंच विकत घ्या. ब्रंटन महाग असतो आणि बहुतेक विभाग तो फील्डसाठी देतात. हातोडा घेतलात तर भूवैज्ञानिकांचा, अखंड पोलादाचा. सुताराच्या हातोडीचं पोलाद दगडावर कपचे उडवतं. दगड फोडताना डोळ्यांवर गॉगल हवाच, आणि नॅशनल पार्कमध्ये हातोडा बॅगेतच ठेवायचा, तिथे नमुने गोळा करायला परवाना लागतो.